फोन गोठ्यात होता

परवा संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा तेच. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं आहे, पण त्याचा रोख किनाऱ्यापासून दूर आहे, आणि बातम्या देणारी मुलगी हसून म्हणाली की महाराष्ट्रावरचं संकट टळलं. मी टीव्ही बंद केला.

"आप्पा, बघू द्या की," नातसून म्हणाली.

"कुणाच्या महाराष्ट्रावरचं टळलं, ते विचार तिला," मी म्हणालो. ती आत गेली. घरात सगळ्यांना वाटतं की म्हाताऱ्याला हल्ली उगीच राग येतो.

राग उगीच येत नाही. यांचा महाराष्ट्र किनाऱ्याला सुरू होतो आणि घाट चढला की संपतो. वादळ समुद्रात दूर गेलं की यांच्या लेखी ते गेलं. त्यानं इकडं ढकललेली वाफ आमच्या रानावर येते, दिवसभर अंग भाजतं, आणि ऊन उतरायला लागलं की त्याच आभाळातून वीज उतरते. माझ्या मोबाईलवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचा निरोप येतो. त्यात हे नीट लिहिलेलं असतं: पुढचे काही दिवस उष्णतेची लाट, दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, सोसाट्याचा वारा. निरोप लिहिणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी त्या वर्षीही अगदी हेच लिहिलं होतं, आणि मी ते वाचलं होतं.

'तुरळक ठिकाणी' हे शब्द वाचले की प्रत्येकाला वाटतं, ते ठिकाण म्हणजे दुसऱ्याचं रान. मलाही तसंच वाटलं होतं.

आता मुद्द्याचं लिहितो. आमच्या गावात एक गोष्ट सांगतात. लहान पोरांना सांगतात, पाहुण्यांना सांगतात, आभाळ आलं की हमखास सांगतात. ती अशी की, एक बाई रानात मोबाईलवर बोलत उभी होती, लेकीचा फोन होता, त्या फोनमधून वीज आली आणि बाई जागेवर गेली. लेकीनं फोन केला म्हणून आई गेली. ही गोष्ट खोटी आहे. ती मी सांगितली. तिच्यापायी त्या लेकीला बापानं दार बंद केलं, आणि तो बाप इतकी वर्षं रोज सकाळी माझ्या ओसरीवर बसून चहा पीत आला.

ती बाई आमच्याकडं रोजानं यायची. बायकांच्या टोळीची म्होरकी होती. माझ्या बायकोच्या बाळंतपणापासून ती आमच्या घरात येत-जात होती. तोंडानं फटकळ होती. माझ्याशी असं बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं आणि मला ते आवडायचं. मी बांधावर सावलीला बसलो की म्हणायची, "बसा आप्पा, बसा. तुमी उठलाव तर सावलीला करमायचं न्हाई."

उन्हाळ्यात आमच्याकडं रोजाचं काम दोन वेळांत करायची पद्धत आहे. बायका दिवस उगवायला रानात येतात, ऊन तापलं की घरी जातात, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा येऊन अंधार पडेपर्यंत काम करतात. उन्हाची लाट सांगितली की मधली सुट्टी लांबवायची आणि काम आणखी संध्याकाळकडं सरकवायचं. ही पद्धत चांगली आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. तिच्यामुळं माणूस उन्हानं मरत नाही. फक्त वळवाचं आभाळ भरून येतं ते नेमकं त्याच वेळी, ऊन उतरताना. म्हणजे आम्ही माणसांना उन्हातून काढतो आणि विजेखाली नेऊन उभं करतो. आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वीज कधी पडते. तो झोपेतसुद्धा सांगेल. आणि तोच शेतकरी त्याच वेळेला बायकांना रानात बोलावतो. मी बोलावलं.

त्या वर्षी कांदा चांगला आला होता. काढून, पात कापून रानात जागोजागी ढीग घातले होते. घरी न्यायला ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी मिळणार होता. सकाळी बायकांना मी मोठ्या मनानं म्हणालो, "लाट सांगितलीय. लवकर घरी जावा, ऊन पार उतरल्यावर या." एकजण म्हणाली, आप्पासारखा मालक न्हाई. मला बरं वाटलं. त्या शब्दांचा आज मला जितका राग येतो तितका शिव्यांचाही येणार नाही.

दुपारनंतर बायका आल्या. आल्या आल्या त्या म्होरकीनं तिचा मोबाईल माझ्या गोठ्यातल्या बोर्डाला चार्जिंगला लावला. गावात लाईट नव्हती, रानातल्या मोटारीच्या लाईनला होती, त्यामुळं बायका रोज कुणा ना कुणाचा फोन तिथं लावत. साधा, बटणांचा फोन. उमरग्याला दिलेल्या लेकीनं घेऊन दिलेला.

पूर्वेकडून आभाळ काळं व्हायला लागलं होतं. वारा पडला होता. घाम वाळत नव्हता.

"आप्पा, आभाळ बगा कसं यायलंय," ती म्हणाली.

"वर नको, खाली बघ. कांदा खाली आहे."

"तुमचा टीव्ही म्हनतो संकट गेलं, आन आभाळ म्हनतंय आलंय. कुनाचं ऐकावं मानसानं?"

"टीव्हीचं ऐक. आभाळाला कोण पगार देतं?"

बायका हसल्या. तीही हसली. हे बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर मी तिच्याशी एकच वाक्य बोललो.

वारा सुटला. गडगडायला लागलं, पण लांब. बायका म्हणाल्या, निघावं का. मी म्हणालो, ढीग झाका आणि निघा. जवळचे ढीग झाकून झाले आणि बायका रस्त्याकडं पळाल्या. शेवटचा ढीग पार पलीकडं, बांधाच्या टोकाला होता. ती निघालीच होती. मी गोठ्याच्या दारातून ओरडलो, "तेवढा कडेचा झाकून जा." ते माझं शेवटचं वाक्य.  तिनं ताडपत्री डोक्यावर घेतली आणि बांधानं चालायला लागली. मी आत येऊन बाजेवर बसलो.

तेव्हा तिचा फोन वाजला. मी उठून बघितलं. लेकीचं नाव होतं. ही लेक कामाच्या वेळी कधी फोन करत नसे, ते मला माहीत होतं, कारण ती म्होरकी बायकांना कौतुकानं सांगायची की माझी पोरगी शहाणी, कामात फोन करत न्हाई. फोन वाजून वाजून बंद पडला. मग पुन्हा वाजला. मी दारात जाऊन तिला हाक मारू शकत होतो. ती अजून हाकेच्या टप्प्यात होती. पण मला वाटलं, ही आता फोनसाठी परत येणार, बोलत उभी राहणार, आणि तोवर वारा ताडपत्री घेऊन जाणार. इतकंच. यापेक्षा मोठं काही माझ्या डोक्यात नव्हतं. असतं तर सांगायला तरी काही असतं.

फोन दुसऱ्यांदा बंद पडला. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. मग गोठा पांढरा झाला. आवाज आला तो कानात नाही, छातीत. बोर्डातून ठिणगी उडाली, मोटारीचा स्टार्टर जळाला, तिचा फोन चार्जरलाच काळा पडला. बैल दावं तोडून बाहेर गेला. मी त्याच्यामागं धावलो. हेही लिहायला हवं. मी आधी बैलामागं धावलो.

ती ढिगाजवळ पडली होती. ताडपत्रीवर दगड ठेवून झाले होते. हातात काही नव्हतं. जवळ झाड नव्हतं.

दवाखान्याच्या आवारात लोक जमले होते. मी तिचं सामान घेऊन गेलो होतो: डबा, विळा, चपला आणि तो जळका फोन. तिच्या नवऱ्याच्या हातात ते देत असताना कुणीतरी फोन बघितला. "आरं, ह्यो तर पार जळालाय. हातात व्हता काय?" टोळीतली एक बाई म्हणाली, "फोन तर गोठ्यात लावल्याला व्हता की." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "जाताना काढून नेला तिनं."

कुणी मला मारलं नसतं. कुणी पोलिसांत गेलं नसतं. आभाळ आलेलं असताना मालकानं पाठवलं, एवढंच लोक म्हणाले असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या रानात बायका आल्या नसत्या. तेवढ्यासाठी मी ते वाक्य बोललो. थोरल्या मुलाला रात्री खरं सांगितलं, तर तो म्हणाला, "आता कशाला? ती काय परत येणारय का?" त्याच्यावरही माझा राग आहे. पण तो माझंच ऐकून मोठा झाला.

लेक उमरग्याहून आली. आईला बघून रडताना म्हणाली, "इथं गारा पडायल्या व्हत्या. वीज लई कडाडत व्हती, तिकडंच सरकत व्हतं. आई रानात आसंल म्हनून घरी जा सांगायला फोन करत व्हते."

तिच्या बाजूला बसलेली नात्यातली बाई म्हणाली, "त्यो फोन घेता घेताच झालं गं."

मी त्यांच्या अंगणात उभा होतो. मी ते ऐकलं. त्या पोरीचा चेहरा मी बघितला. माणसाला एवढा वेळ कुणी देत नाही जेवढा मला तेव्हा मिळाला होता, कारण ती पुढं काही बोललीच नाही. मी टोपी घातली आणि घरी आलो.

तेव्हापासून गावात ती गोष्ट चालू झाली. बाप लेकीशी बोलेना. ती सणाला आली तर त्यानं दार लावून घेतलं. मग तिनं येणं सोडलं. तो सकाळी माझ्या ओसरीवर यायचा, बशीत चहा ओतायचा आणि कधीकधी म्हणायचा, "आप्पा, तिला म्या लेक म्हनत न्हाई." मी म्हणायचो, "असू दे, चहा पी." एकदाही यापेक्षा जास्त बोललो नाही. वर लोक म्हणायचे, आप्पा त्याला रोज चहा पाजतात, मोठा माणूस.

ज्या फोननं तिला घरी जा सांगितलं असतं, तोच फोन गावानं मारेकरी ठरवला. त्या दिवशी खरा अंदाज कुणी दिला असेल तर त्या पोरीनं दिला. तो माझ्या गोठ्यात येऊन वाजत होता.

परवाची बातमी ऐकली आणि काल सकाळच्या एसटीनं उमरग्याला गेलो. कुणाला सांगितलं नाही. ती हायवेच्या मागच्या बाजूला राहते. नवरा ट्रकवर असतो, ही घरी ब्लाऊज शिवते. ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. तिचं घर सापडेपर्यंत दुपार कलली होती, आभाळ भरायला लागलं होतं.

मला दारात बघून ती मशीनवरून उठली. "आप्पा? बाबा बरे हायत ना?"

"बरा आहे. मी वेगळ्या कामाला आलो."

तिनं बसायला खुर्ची दिली आणि पुन्हा मशीनवर बसली. फळीवर तिचा मोबाईल होता, बंद केलेला. मी बघतोय हे तिनं बघितलं. म्हणाली, "आभाळ आलं की बंद करते म्या. मालक चिडत्यात, ट्रकवरनं लागत न्हाई म्हनून."

"तुझ्या आईच्या हातात फोन नव्हता," मी म्हणालो.

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. "मग कुठं व्हता?"

"माझ्या गोठ्यात. चार्जिंगला. तिथंच जळाला."

"जाताना काढून नेला म्हनलाव तुमीच."

"खोटं बोललो."

"म्या केल्याला फोन वाजला का तिथं?"

"वाजला. दोनदा. मी तिथंच बसलो होतो."

"वाचता येतं तुमाला. माजं नाव दिसलं आसंल."

"दिसलं."

"आन आई कुठं व्हती?"

"बांधानं चालली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मीच पाठवलं होतं, कांदा झाकायला."

तिनं चाकावरचा हात काढला. मग तिनं विचारलं, "वाचला का कांदा?"

मी मान खाली घातली.

"इचारलंय म्या. वाचला का?"

"तिनं झाकलेला ढीग वाचला."

ती उठली, दारात जाऊन उभी राहिली. बाहेर गडगडत होतं. परत आली आणि हात पुढं केला. "तुमचा फोन द्या. माजा फोन बाबा उचलत न्हाईत." तिनंच नंबर लावला. तो तिला पाठ होता. पलीकडं वाजायला लागल्यावर फोन माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मला वाटलं होतं, बापाला आपण गावात निवांत गाठून सांगू. तिनं मला निवांतपणा दिला नाही. बरं केलं.

"बोला आप्पा," तो म्हणाला. "आज ओसरीवर न्हवताव. तब्येत?"

मी सांगितलं. जे तिला सांगितलं तेच, त्याच क्रमानं. मध्येच तो "हं" म्हणायचा तेही थांबलं. मला वाटलं, फोन कट झाला.

"आप्पा," तो शेवटी म्हणाला, "म्या रोज तुमच्याकडं च्या पितो."

"पितोस."

"रोज."

"हो."

"ती हाय का तिथं?"

"समोर आहे."

"द्या तिला."

ती फोन घेऊन आत गेली आणि दार ओढून घेतलं. पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर वाजत होता, आतलं काही ऐकू येत नव्हतं. ऐकायचा मला हक्कही नव्हता. मी ब्लाऊजच्या कापलेल्या तुकड्यांकडं बघत बसलो. बाहेर आल्यावर तिनं फोन माझ्यासमोर मशीनवर ठेवला. डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता.

"उद्या जाणारय म्या बाबाकडं. आन तुमी गावात सांगा. मला येकटीला घरात येऊन सांगून काय उपेग? मला गाव बोलतंय."

तिनं पाणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही.

आज सकाळी पारावर बसून मी सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं लोक चिडतील, शिव्या देतील. मी तयारीनं गेलो होतो. एकजण म्हणाला, "जाऊ द्या आप्पा, झालं गेलं."

"कुणाचं गेलं?" मी विचारलं. "तुझं काय गेलं त्यात?"

"तसं न्हाई. आता उकरून काय करायचं?"

दुसरा, शिकलेला, सोसायटीत बसणारा, म्हणाला, "पण आप्पा, मोबाईल वीज ओढतोच. व्हिडिओ आलेत."

"फोन गोठ्यात होता," मी म्हणालो. "ती अर्ध्या रानापलीकडं होती."

"गोठ्यात आसंल. पर ओढली आसंल की त्यानंच."

आणि हे ऐकून दोघा-तिघांनी माना हलवल्या. त्यांना गोष्ट सोडायची नव्हती. मेलेल्या बाईपेक्षा, जित्या पोरीपेक्षा ती गोष्ट त्यांना सोयीची होती, कारण तिच्यात कुठल्याच मालकाचं नाव नाही. पारावर बसलेल्या प्रत्येकाचं रान आहे. उन्हाची लाट सांगितली की प्रत्येकजण ऊन उतरल्यावर बायका बोलावतो. फोन बंद ठेवा एवढं सांगितलं की त्यांचं काम झालं. मी ओरडलो. या वयात ओरडलं की आवाज चिरकतो. माझ्या मुलाला कुणीतरी बोलावून आणलं. मागं एकजण म्हणत होता, "काल उन्हात उमरग्याला गेलते म्हनं. ऊन लागलं आसंल म्हाताऱ्याला." मुलानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "चला घरी, आप्पा."

मी गेलो नाही. तिथंच बसून राहिलो. दुपारच्या एसटीनं ती आली. पदर डोक्यावर, हातात पिशवी. पारासमोरूनच वाट आहे. पाणी भरायला निघालेल्या दोन बायका थांबल्या. एक म्हणाली, "आली वाटतं. फोन बंद केलाव का बाई? आभाळ हाय वर."

ती थांबली. चिडली नाही. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "त्यांना इचारा," आणि बापाच्या घराकडं निघून गेली.

बायका माझ्याकडं वळल्या. मुलगा पुन्हा दंड धरायला आला. मी त्याचा हात काढला आणि त्या दोघींना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्यातली एक ऐकत होती. तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, "म्हंजे उद्याच्याला आमी दुपारपारी रानात यायचं का न्हाई, ते सांगा आधी." मी म्हणालो, आभाळ आलं तर येऊ नका, मालक कुणीही असो.  तेव्हा पहिल्यांदा पारावरून मला कुणीतरी शिवी दिली.

संध्याकाळी घरी येऊन हे लिहायला बसलो.